कोयत्यामागची मुले नेमकी कोणत्या पटावर?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२४ जानेवारी हा आंतरराष्ट्रीय शिक्षण दिन. २०१९ पासून तो पाळला जातो आणि त्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडे येतात. युनेस्कोच्या अलीकडच्या अंदाजानुसार जगात २५ कोटींहून अधिक मुले-मुली शाळेबाहेर आहेत. हा आकडा वाचताना आपल्या डोळ्यांपुढे अफगाणिस्तान येते, सुदान येते. नेमक्या त्याच तारखेला कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुण्याच्या ऊसपट्ट्यात गाळप ऐन भरात असते आणि बीड, जालना, धाराशिव, परभणीची, पाथर्डी-शेवगाव-जामखेडची, नंदुरबारच्या डोंगरातली ऊसतोड मजुरांची मुले फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करत असतात, नाहीतर कोपीत (मुक्कामाच्या झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळत असतात. सरकारी कागदावर यांतली बहुतेक मुले शाळेत आहेत. हे पत्र त्या कागदाविषयी आहे.

राज्यातल्या शासकीय व्याख्येप्रमाणे प्रवेश घेऊनही सलग महिनाभर गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य धरले जाते. व्याख्या चांगली आहे. पण शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम बहुधा पावसाळ्यात निघते. २०२२ चे ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ ५ ते २० जुलै या काळात झाले. जुलैत ऊसतोड कुटुंब गावी असते, खुरपणीला जाते, मूल वर्गात बसलेले असते. शिक्षक दारोदार फिरतात आणि शाळाबाह्य कोणी नाही असे अगदी प्रामाणिकपणे लिहितात. दिवाळी झाली की मुकादमाचा, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीत पत्रे, चटया, भांडी, शेळी आणि पोरे चढतात. मोजायला तेव्हा जायला हवे, पण तेव्हा मोहीम संपून अहवालही गेलेला असतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत सणांच्या सुट्या वजा जाता शंभराच्या आसपास दिवस भरतात. म्हणजे ऊसतोड मुलाच्या वाट्याला जेमतेम निम्मे वर्ष येते, आणि दरवर्षी तेच निम्मे. दुसरे सत्र प्रत्येक इयत्तेत बुडत असल्याने पुस्तकाचा मागचा अर्धा भाग या मुलाने कोणत्याच इयत्तेचा पाहिलेला नसतो. त्यामुळे पाचवीतल्या मुलाची अडचण ‘कच्चे आहे’ अशी सरसकट नसते. त्याला पहिल्या सत्रातले बरेच येते आणि दुसऱ्या सत्रातले काहीच येत नाही. हे ओळखून शिकवणारा शिक्षक भेटला तर दीड-दोन महिन्यांत मोठा पल्ला गाठता येतो. पण पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परतते तेव्हा समोर वार्षिक परीक्षा उभी असते. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला ती पुन्हा सुरू झाली आहे. नापास झालेल्याला फेरपरीक्षेची संधी आहे, पण मधल्या मे महिन्यात त्याला शिकवणार कोण, याची सोय नाही. फेरपरीक्षेआधी तीस दिवसांचा उन्हाळी वर्ग, तोही फक्त स्थलांतरित गावांत, एवढी तरतूद केली तरी फरक पडेल.

आता अड्ड्याकडे, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या हंगामी मुक्कामाकडे, येऊ. योजना आखणाऱ्यांची पहिली चूक ही की त्यांना सगळे अड्डे सारखे दिसतात. बैलगाडीवाल्यांची, म्हणजे गाडी सेंटरची वस्ती कारखान्याच्या आसपास पडते आणि पूर्ण हंगाम बहुधा तिथेच राहते. शंभर, दोनशे, कधी त्याहून जास्त कोप्या एका माळावर असतात. ट्रक-ट्रॅक्टरला ऊस भरून देणाऱ्या टोळ्यांचे, म्हणजे डोकी सेंटरचे तसे नाही. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी गावोगाव फिरते. एका शिवारातला ऊस संपला की कोप्या मोडून पुढच्या गावी जाते. हंगामात दोन-तीनदा मुक्काम हलतो. (ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. या हिशोबात मुलांना आकडा नाही.)

पहिल्या प्रकारासाठी वस्तीवरच वर्ग हवा. दोनशे कोप्यांच्या वस्तीत शाळेच्या वयाची शंभर-सव्वाशे मुले असू शकतात. ती सगळी दोन किलोमीटरवरच्या दोनशिक्षकी शाळेत घालणे म्हणजे ती शाळाही बुडवणे. पूर्वी यासाठीच साखरशाळा होत्या. कायदा आल्यावर अनौपचारिक शाळांना जागा उरली नाही आणि त्या बंद पडत गेल्या. प्रत्येक मुलाला खरी शाळा मिळावी, दुय्यम दर्जाची नको, हे तत्त्व बरोबरच होते. पण खऱ्या शाळेची तयारी न करता साखरशाळा तेवढ्या गेल्या. आज त्यांचे पुनरुज्जीवन करायचे तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेचा ‘हंगामी वर्ग’ म्हणून करावे. हजेरी त्या शाळेच्या पोर्टलवर, पोषण आहार त्या शाळेच्या स्वयंपाकघरातून, तपासणी त्याच केंद्रप्रमुखाची (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची). म्हणजे मुलाचे शिक्षण औपचारिकच राहते, फक्त फळा वस्तीवर येतो.

फिरत्या टोळीसाठी वस्तीवरचा वर्ग चालत नाही. तिला जवळची शाळा आणि हातात कागद लागतो. तो कागद आहे, त्याचे नाव शिक्षण हमी कार्ड. स्थलांतराआधी गावच्या मुख्याध्यापकाने मुलाचे नाव, इयत्ता, शाळा आणि त्याला काय येते याची नोंद करून ते द्यायचे, आणि जिथे मूल जाईल तिथल्या शाळेने ते पाहून बसवून घ्यायचे. कल्पना उत्तम आहे. ती फसते ती तपशिलात.

कार्ड द्यायची वेळ चुकते. कुटुंबे बहुधा दिवाळीच्या सुट्टीत निघतात, अनेकदा रात्रीची, ज्याच्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली त्या मुकादमाची गाडी येईल तेव्हा. शाळेला कुलूप असते आणि कार्डे कपाटात. म्हणून पहिल्या सत्राच्या परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो त्याच दिवशी कार्ड पालकाच्या हातात पडले पाहिजे, आणि त्याचा फोटो पालकाच्या मोबाइलवर. कोपीत पाणी शिरते, कागद भिजतो, चूल पेटवायलाही वापरला जातो. मोबाइलमधला फोटो टिकतो. दुसरे, ‘कुठे जाणार’ हा रकाना रिकामा सोडला जातो, कारण गाव माहीत नसते. गाव माहीत नसले तरी कारखाना माहीत असतो, मुकादम माहीत असतो. ते लिहावे. तिसरे म्हणजे ‘प्रगती समाधानकारक’ हा शेरा. त्याचा नव्या शिक्षकाला काडीचा उपयोग नाही. ‘जोडाक्षरे वाचताना अडखळते, साधी वाक्ये वाचते. हातच्याची बेरीज येते, हातच्याची वजाबाकी येत नाही. पाढे पाचपर्यंत’ असे तीन ओळींत लिहिले तर नव्या शाळेत दुसऱ्याच दिवशी शिकवणे सुरू होते. चौथी गोष्ट बहुतेकांना सुचतच नाही: परतीचा रकाना. कोल्हापूरच्या शाळेत मूल किती दिवस बसले, काय शिकले हे लिहून कार्ड परत बीडला गेले पाहिजे. आज ते एकेरी तिकीट आहे.

आणि हे सगळे जमले तरी एक अडसर राहतो, तो पैशाइतकाच अवघड आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. बीडच्या मुख्याध्यापकाला मूल पटावरून सोडायचे नसते, कारण चार नावे कमी झाली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. कोल्हापूरच्या मुख्याध्यापकाला नोव्हेंबरात आलेले मूल घ्यायचे नसते, कारण त्याच्यासाठी ना शिक्षक मिळतो, ना पुस्तक, ना तांदूळ. दोघेही आपल्या जागी वेडे नाहीत. त्यांच्यावर नियमभंगाची नोटीस काढून काही होणार नाही. हिशोबाची पद्धत बदलायला हवी.

एक उदाहरण करून पाहा. ऊसपट्ट्यातल्या एका शाळेचा पट ५५ आहे, शिक्षक दोन. कायद्याच्या परिशिष्टात ६० पर्यंत दोनच शिक्षक आहेत, म्हणजे नियमात बसते. नोव्हेंबरअखेर ४० मुले आली की वर्गात ९५ होतात, आणि ९१ ते १२० मुलांना तेच परिशिष्ट चार शिक्षक सांगते. तिकडे बीडमधल्या शाळेचा पट ६० वरून प्रत्यक्षात २० वर आलेला असतो आणि दोन्ही शिक्षक तिथेच असतात. वर्षभराचा हिशोब कागदावर बरोबर आणि हंगामात दोन्हीकडे चूक. उपाय दोन आहेत. एक, १५ डिसेंबरला दुसरी गणती. मूळ शाळेच्या पटाला हात न लावता, फक्त हमी कार्डावर आलेल्या मुलांची, आणि त्या संख्येवर मार्चअखेरपर्यंत हंगामी शिक्षक. दोन, मुले गेली तर त्यांच्यामागे शिक्षकही जावा. जिल्हा परिषदेचा शिक्षक जिल्हा संवर्गातला असल्याने बीडहून कोल्हापूरला प्रतिनियुक्ती द्यायची तर मंत्रालयातून आदेश लागतो. जिल्हा परिषदांनी परस्पर ठरवून भागत नाही. राहण्याची सोय आणि भत्ता दिला, सक्ती केली नाही, तर काही शिक्षक निश्चित जातील. त्यांना ही मुले नावानिशी माहीत असतात, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही वस्तीवरच्या वर्गांसाठी आमचा कौल ऊसतोड कुटुंबांतूनच शिकून डी.एड. झालेल्या तरुण-तरुणींना आहे. ते अड्ड्यावर राहू शकतात, पहाटे तीनला फडावर जायची घाई त्यांना समजावून सांगावी लागत नाही. अट एकच, मानधन दरमहा. हंगाम संपल्यावर एकरकमी देऊ म्हटले तर शिक्षक जानेवारीतच निघून जातो.

दाखल्याविषयी एक खुलासा, कारण त्यात फार गोंधळ आहे. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला द्यायची गरज नाही, उलट तो घातक ठरतो. पोर्टलवर दाखला दिला की मुलाची नोंद ड्रॉपबॉक्समध्ये जाते आणि दुसऱ्या शाळेने उचलून घेईपर्यंत ते कोणत्याच शाळेचे नसते. टोळी फिरती असेल तर कोणीच उचलत नाही. एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाला ‘तुझे नाव नाही’ असे सांगितले जाते. कायमचे स्थलांतर असेल तरच दाखला मागावा. तो मागितल्यास मुख्याध्यापकाने लगेच द्यायचा आहे, आणि तो नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ स्पष्ट सांगते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), मुदत संपली म्हणूनही नाही (कलम १५). स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची खात्री करणे हे तर स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे, कलम ९ मधले. आधारसाठी अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले. पण संचमान्यतेत मूल धरण्यासाठी आधार जुळावे लागते, म्हणून आधार न जुळलेले मूल मुख्याध्यापकाला ओझे वाटते. न्यायालयाने दार उघडले आणि संगणकाने परत लोटले, असा हा प्रकार.

तांदळाचे पाहू. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य आहे. वरच्या उदाहरणातली ४० मुले प्राथमिकची धरली तर रोज ४ किलो, महिन्याच्या २४ दिवसांना ९६ किलो. म्हणजे पन्नास किलोची दोन पोतीसुद्धा पूर्ण नाहीत. एवढ्यासाठी मूल अडते, यावर विश्वास बसत नाही. पण मुख्याध्यापकाची भीती तांदूळ संपण्याची नसते, नोंदवहीत शिल्लक न जुळण्याची असते. पटावर ५५ आणि जेवले ९०, हे तपासणीत कसे सांगायचे? हमी कार्डाचा क्रमांक पोषण आहाराच्या नोंदीत ग्राह्य धरावा आणि ऊसपट्ट्यातल्या शाळांना ऑक्टोबरच्या मागणीतच एक महिन्याचा जादा साठा द्यावा. यासाठी नवी योजना लागत नाही, एक परिपत्रक पुरते. पुस्तकांचेही तसेच. मोफत पुस्तके जूनमध्ये मूळ गावी मिळालेली असतात. ती मुलासोबत गेली पाहिजेत असे गावच्या शाळेने पालकांना बजावून सांगावे, आणि कारखाना क्षेत्रातल्या प्रत्येक केंद्रावर दर इयत्तेचे दहा-दहा संच ठेवावेत. मागच्या वर्षीची जुनी पुस्तकेही चालतील.

मुलींचे काय होते ते वेगळे सांगावे लागेल. अड्ड्याजवळ शाळा आहे, शिक्षक चांगला आहे, तांदूळ आहे, तरी दहा वर्षांची मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. आई पहाटे फडात गेली की परत कधी येईल ते गाडी भरण्यावर अवलंबून. मुलगी सोबत आणली जाते तीच मुळात यासाठी. तिला शाळेत आणायचे तर आधी भावाची सोय करा. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. दोनशे कोप्यांची वस्ती त्या निकषात सहज बसते, फक्त सहा महिन्यांसाठी. पण नेहमीची अंगणवाडी दुपारी बंद होते आणि कोयता संध्याकाळी परततो. त्यामुळे हवे ते पाळणाघर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’तल्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. ती ऊसपट्ट्यात हंगामी तत्त्वावर राबवावी. वस्तीतल्याच दोन-तीन बायकांना, ज्या बाळंतपणामुळे किंवा दुखण्यामुळे त्या हंगामात तोडीला जाऊ शकत नाहीत, रोजंदारीवर मदतनीस नेमावे. शाळेवर कितीही खर्च केला आणि हा खर्च टाळला, तर वर्गात फक्त मुलगे दिसतील.

याच्याच जोडीला एक लहानसे पण दूरवर पोचणारे काम आहे. हंगामात कोपीत किंवा जवळच्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे, गावात असेल तर ग्रामपंचायतीत, २१ दिवसांच्या आत करायची असते. तेव्हा पैसे लागत नाहीत. कुटुंबाला वाटते की गावी जाऊन करू. गावची ग्रामपंचायत सांगते, जन्म इथला नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नव्या तरतुदीनुसार त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व शाळाप्रवेशापासून सगळीकडे वाढले आहे. आशाताईने वस्तीची यादी ठेवून दर पंधरवड्याला ग्रामसेवकाकडे दिली, तर पाच-सहा वर्षांनी शाळेच्या दारात होणारी रडारड वाचेल.

मग मुलांना गावीच का ठेवत नाही, असे वाचक विचारतील. ठेवता येते आणि आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी तोच पहिला पर्याय असावा. मंगोलियात पशुपालकांची मुले शाळेच्या वसतिगृहात राहतात. ओडिशात बलांगीर, नुआपाडा भागातून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली गेली. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे आहेत. पण ती उशिरा उघडतात. सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी, अनुदान अशी फाइल फिरत असताना मुले ट्रॉलीत बसून निघून गेलेली असतात. राहिलेल्यांसाठी समितीचा अध्यक्ष किराणा उधारीवर आणतो. माणशी दोन वेळचे ३०० ग्रॅम धान्य धरले तरी ५० मुलांना रोज १५ किलो, महिन्याला साडेचार क्विंटल. डाळ, तेल, भाजी, गॅस वेगळे. खेड्यातला दुकानदार एवढी उधारी दोन महिने सोसतो, चार महिने नाही. तिसऱ्या महिन्यापासून आमटी पातळ होते. दसऱ्याच्या आत पहिला निम्मा हप्ता समितीच्या खात्यात पडला पाहिजे. मागच्या तीन वर्षांचे आकडे हाताशी असताना दरवर्षी नव्याने मंजुरीची वाट पाहण्याचे काही कारण नाही.

नावात वसतिगृह असले तरी अनेक ठिकाणी तिथे फक्त जेवण मिळते आणि मुले झोपायला आजी-आजोबांकडे जातात. मुलग्यांचे त्यात निभते. मुलीच्या बाबतीत आईचा जीव नेमका रात्रीच्या विचाराने कासावीस होतो आणि ती तिला सोबत घेऊन जाते. मुक्कामी महिला अधीक्षक, आतून कडी लागणारी खोली, उजेडातले आणि पाण्याचे स्वच्छतागृह: या तीन गोष्टी नसतील तर ते मुलींचे वसतिगृह म्हणू नये. २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जणांसाठी. सगळी भरली तरी ८,२०० मुले होतात. ऊसतोड मजुरांची संख्या लाखांत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या योजनेकडून किती अपेक्षा ठेवायची ते समजते. ती तालुक्याच्या गावी मोठ्या मुलांना उपयोगी पडेल. वाडी-तांड्यावरच्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला गावातलेच हंगामी वसतिगृह लागते. आणि सहा-सात वर्षांचे मूल आईला सोडून राहणार नाही, ते तिच्याबरोबर जाणारच. त्याच्यासाठी वस्तीवरचा वर्ग. दोन्हीपैकी एक निवडा, असा हा प्रश्न नाही.

राज्याच्या हद्दीपलीकडे गेलेल्या मुलांची परिस्थिती आणखी बिकट आहे. बेळगाव भागात काही ठिकाणी मराठी शाळा सापडते, पुढे कर्नाटकात आत गेले की नाही. नंदुरबारचे कुटुंब गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जाते. मूल घरी भिली किंवा पावरी बोलते, गावच्या शाळेत मराठी शिकत असते आणि आता समोर गुजराती फळा. त्याला वर्गात बसवून घेतले तरी ते मुके बसते. तिथे आपल्या राज्याने शिक्षक आणि पुस्तके द्यावीत, जागा आणि आहार त्या राज्याने द्यावा, असा साधा लेखी करार लागतो. अमेरिकेत हंगामी शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ पासून वेगळा संघीय कार्यक्रम आहे. त्यात निधी स्थलांतरित मुलांच्या संख्येवरून ठरतो आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाच्या शैक्षणिक नोंदी संगणकावर मागवता येतात. तिथेही सगळे आलबेल नाही. पण मुलाची फाइल मुलाबरोबर चालते, एवढी गोष्ट आपल्याला घेण्यासारखी आहे. साऱ्या देशासाठी एकच पोर्टल असताना आपल्याला हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

उरतो कारखाना. टोळी कुठे आहे हे शिक्षण खात्याला माहीत नसते, असे दरवर्षी सांगितले जाते. कारखान्याला ते रोज माहीत असते. गट ऑफिसातल्या चिटबॉयला (तोडणीचे नियोजन पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) उद्या कोणती टोळी कोणाच्या फडात उतरणार हे तोंडपाठ असते, कारण त्यावर गव्हाणीतला, म्हणजे गाळपासाठी आत जाणारा, ऊस अवलंबून असतो. मुकादमांशी करार पावसाळ्यातच झालेले असतात, त्यात कोयत्यांची यादी असते. त्या यादीला ‘सोबतची मुले: वय, इयत्ता, मूळ शाळा’ असे तीन रकाने जोडायचे, आणि हंगामात दर सोमवारी टोळ्यांची ठिकाणे केंद्रप्रमुखांना कळवायची. साखर आयुक्तालय दरवर्षी गाळप परवाना देते. परवान्याच्या अर्जासोबत ही यादी सक्तीची करावी. मंत्री समिती हंगामाची तारीख आधी जाहीर करते, म्हणजे तयारीला वेळही मिळतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम राज्याकडून, असे ठरले आहे. पाळणाघर आणि हंगामी शिक्षकांचे मानधन यासाठी त्यातला ठरावीक हिस्सा राखून ठेवावा.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. गोखल्यांचे विधेयक १९११ चे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज त्याच कोल्हापूर जिल्ह्यात बाहेरून आलेले मूल शाळेत नसेल तर दंड कोणाला करायचा? पालक उचलीत अडकलेला, मुख्याध्यापक पटात अडकलेला, आणि कारखान्याच्या कागदावर तर ते मूलच नाही.

संपादक महाशय, आपल्याकडे एक विनंती. हंगामात वर्तमानपत्रे गाळपाचा तक्ता छापतात: कारखाना, गाळप किती टन, साखर किती क्विंटल, उतारा किती. शेतकरी तो रोज वाचतो. त्यात शेवटी दोन रकाने वाढवावेत: कार्यक्षेत्रात ६ ते १४ वयाची मुले किती आली आणि त्यांतली शाळेत किती बसली. सुरुवातीला अनेक कारखान्यांपुढे रकाना रिकामा राहील. तो रिकामाच छापावा.

आपले नम्र,
ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारे काही शिक्षक व कार्यकर्ते
बीड आणि कोल्हापूर